पडद्यावरील चरित्र आणि त्याचा पुरावा

मराठी वाचकास चरित्रग्रंथ नवा नाहीं. बखरकारांनीं राजांचीं चरित्रें लिहिलीं, महिपतीनें संतांचीं लिहिलीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागदपत्रांच्या आधारें चरित्र लिहिण्याची प्रथाही आपल्याकडे रुजली. असा ग्रंथ हातीं आला कीं लेखकानें आधार कोणते घेतले, ते कितपत विश्वसनीय आहेत, ऐकीव कथेस त्यानें इतिहासाच्या पंक्तीस बसविलें आहे काय, हे प्रश्न सुशिक्षित वाचक सहज विचारतो. परंतु तेंच चरित्र पडद्यावर चालतेंबोलतें होऊन आलें म्हणजे हे सारे प्रश्न आपण जणूं काय चित्रगृहाच्या दाराशीं ठेवून आंत जातों. डोळ्यांनीं पाहिलें तें खरें, ही समजूत जुनी आणि बळकट आहे. अनुबोधपट काढणारास तिचा जितका उपयोग होतो, तितकाच तिचा मोहही पडतो.

अनुबोधपट म्हणजे ज्यांत नट नाहींत, सोंग नाहीं, घडलेल्या गोष्टींचीं प्रत्यक्ष टिपलेलीं चित्रें जोडून जो तयार होतो तो चित्रपट, एवढाच अर्थ आम्हांस येथें अभिप्रेत आहे. ‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ ही थोर कलाकृति आहे, पण तीस कोणी पुरावा म्हणत नाहीं. विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा म्हणजे तुकोबांचा चेहरा नव्हे, हें प्रेक्षक मनांतून जाणून असतो. अनुबोधपटाचा दावा याहून मोठा आहे. ‘हें असें घडलें आणि हें त्याचें चित्र’, असें तो म्हणतो. या दाव्याची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न वर्ध्यासारख्या ठिकाणीं केवळ तात्त्विक राहत नाहीं. सेवाग्रामास येणारा पाहुणा बापूकुटीचीं चित्रें अनेकवार पाहूनच आलेला असतो. चित्र कुटीसारखें आहे काय हें तो पाहत नाहीं. कुटी चित्रासारखी आहे ना, एवढेंच पाहतो. ज्या साधनाचा मनावर असा ताबा बसतो त्याची नीट पारख झाली पाहिजे, आणि ती पारख करण्यास ज्यांनीं कोणाच्या आश्रयावांचून असे चित्रपट काढले त्यांचे प्रयत्न फार उपयोगी पडतात.

चरित्रनायक कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वींच निवर्तला असेल तर अनुबोधपट काढणाराची अडचण एका प्रकारची असते. तो कॅमेऱ्याच्या काळांत असूनही त्यापुढें उभा राहण्यास राजी नसेल तर दुसऱ्या प्रकारची. पहिलीचें उदाहरण म्हणून आम्ही जर्मन कवि घेतों. दुसरीचें उदाहरण वर्ध्याच्या परिसरांतच आहे.

जर्मन कवि आपणांस अगदींच परके नाहींत. सर विल्यम जोन्स यांनीं १७८९ सालीं शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यानें १७९१ सालीं तें जर्मन भाषेंत नेलें. आणि तें वाचून गटे या कविश्रेष्ठानें शकुंतलेचा जो गौरव केला तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात आहे. त्याच्या ‘फाउस्ट’ नाटकाच्या आरंभीं नाटकमंडळीचा चालक, कवि आणि विनोदी नट यांचा जो प्रवेश आहे, त्याची कल्पना शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचली असें अभ्यासक मानतात. असा हा गटे २२ मार्च १८३२ रोजीं वारला, आणि छायाचित्राची कला जगापुढें आली १८३९ सालीं. त्याचा मित्र शिलर तर १८०५ सालींच गेला होता. अर्थात् या दोघांचें छायाचित्र कोणापाशीं असणें शक्य नाहीं. मग यांच्यावर अनुबोधपट काढूं इच्छिणारा काय करतो? तो त्यांच्या घरांवर, समाधींवर, हस्तलिखितांच्या पानांवर कॅमेरा फिरवितो, आणि एखाद्या चांगल्या वाचकाकडून कविता म्हणवून घेतो. यांत गैर कांहींच नाहीं. परंतु या वस्तूच किती फसव्या असतात तें पाहण्यासारखें आहे.

फ्रँकफुर्ट शहरांतील ज्या घरांत १७४९ सालीं गटे जन्मला, तें घर २२ मार्च १९४४ रोजीं, म्हणजे नेमक्या त्याच्या पुण्यतिथीस, बाँबवर्षावांत जमीनदोस्त झालें. सामानसुमान आधींच सुरक्षित स्थळीं हलविलेलें होतें म्हणून तेवढें वांचलें. युद्ध संपल्यावर घर होतें तसेंच पुन्हा उभारावें, कीं तें गेलें हें सत्य पत्करावें, यावर जर्मन विचारवंतांत मोठा वाद माजला. वाल्टर डिर्क्स या लेखकानें पुनर्बांधणीस विरोध केला. त्याच्या मतें हें घर कांहीं भूकंपानें किंवा वणव्यानें पडलें नव्हतें. राष्ट्रानें जी वाट धरली तिच्या शेवटीं तें पडलें होतें, आणि म्हणून त्याचा निरोप घेण्याचें धैर्य लोकांनीं दाखविलें पाहिजे होतें. अखेर पुनर्बांधणीचा पक्ष जिंकला आणि १९५१ सालीं घर लोकांस पुन्हा खुलें झालें. आज तेथील जिना, खिडक्या, स्वयंपाकघर पडद्यावर दाखवून ‘येथें बाळ गटे खेळला’ असें कोणी म्हणेल, तर तें वाक्य खोटेंही नाहीं आणि खरेंही नाहीं.

वायमार येथील राजघराण्याच्या समाधिगृहांत गटे आणि शिलर यांच्या शवपेट्या शेजारीं शेजारीं आहेत. दोन मित्रकवींनीं मृत्यूनंतरही एकत्र विसावावें हें दृश्य पाहून कोणाचें मन हेलावणार नाहीं? परंतु शिलरचे म्हणून जे अवशेष तेथें ठेवले होते ते त्याचे नव्हेतच, असें २००८ सालीं शास्त्रीय तपासणीनें ठरलें, आणि आतां ती पेटी रिकामी आहे. १८२६ सालीं जी कवटी शिलरची समजून गटेनें कांहीं काळ आपल्या घरीं ठेवून घेतली आणि जिच्यावर कविता रचिली, ती देखील परक्याचीच निघाली. कविता मात्र खरी राहिली. तिसरा कवि होल्डरलिन. मनाचा तोल गेल्यावर १८०७ पासून १८४३ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षें, तो ट्युबिंगेन येथें नेकार नदीच्या कांठीं त्सिमर नांवाच्या एका सुताराच्या घरीं, बुरुजांतील खोलींत राहिला. त्याचा तो बुरूज आज जगप्रसिद्ध आहे. परंतु मूळ बुरूज १८७५ सालीं आगींत सांपडला, आणि आपण पाहतों तो त्यानंतर बांधलेला.

याहून अवघड स्थळ वायमारजवळची एटर्सबेर्ग टेकडी. गटे तेथील वनराईंत हिंडत असे. याच टेकडीवर १९३७ सालीं नाझी सत्तेनें बूखेनवाल्डची छळछावणी उभारली. छावणीसाठीं झाडें तोडलीं, पण एक ओक वृक्ष राखला. बंदिवान त्यास गटेचा ओक म्हणत. १९४४ सालच्या ऑगस्टमधील हवाई हल्ल्यांत तो जळाला व पुढें तोडला गेला. आतां त्याचा बुंधा शिल्लक आहे. गटेवर चित्रपट काढणारानें हा बुंधा दाखवावा कीं न दाखवावा? नगराचा किंवा प्रवासखात्याचा पैसा ज्याच्या मागें आहे त्यास न दाखविण्याकडे कल होणें स्वाभाविक आहे. ज्याच्यावर कोणाचें ओझें नाहीं तोच टेकडीवरील वनराई आणि छावणी एका चित्रपटांत दाखवूं शकतो. स्वतंत्र अनुबोधपटाचें महत्त्व आमच्या मतें येथें आहे. पदरचे पैसे घातले म्हणून कोणी थोर ठरत नाहीं. परंतु जें दाखवावयाचें तें कोणाच्या मर्जीसाठीं गाळावें लागत नाहीं, ही मोकळीक थोर आहे. आणि ती मोकळीक ज्यास मिळाली त्याच्यावर एक बंधनही येतें: हें मूळचें, हें मागाहूनचें, हें नुसतें मानलेलें, असें त्यानें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

आतां दुसऱ्या प्रकारच्या अडचणीकडे वळूं. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले. पुढें १९४० सालीं त्या गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें. हा पुरुष कॅमेऱ्याच्या भर काळांतला. बातम्यांच्या चित्रफिती काढणाऱ्या परदेशी कंपन्यांना त्याचा एकेक फूट मोलाचा वाटे. ३० एप्रिल १९३१ रोजीं गुजराथेंतील बोरसद येथें फॉक्स कंपनीच्या माणसांनीं त्याचें बोलणें ध्वनीसह टिपूनही घेतलें होतें. परंतु गांधीजींचा स्वतःचा सिनेमाविषयींचा ग्रह मुळींच चांगला नव्हता. १९२७-२८ च्या सुमारास सरकारनें नेमलेल्या चित्रपट-चौकशी समितीनें त्यांच्याकडे प्रश्नावली पाठविली तेव्हां, आपण सिनेमा कधीं पाहिला नाहीं आणि त्यापासून होणारें नुकसान तर उघडच आहे, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. पुढें १९४४ सालीं आगाखान महालांतील बंदिवासांतून सुटून ते जुहूस विश्रांतीसाठीं राहिले असतां विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ या चित्रपटाचा कांहीं भाग त्यांनीं पाहिला. 

तरीही सेवाग्रामच्या त्या वर्षांचीं जीं उत्तम छायाचित्रें आज आपणांस लाभलीं आहेत तीं त्यांच्याच अनुमतीनें निघालीं. नात्यानें नातू लागणारे कनु गांधी आश्रमांत लेखनिकाचें काम करीत. त्यांना कॅमेऱ्याची आवड; आश्रमांत त्यासाठीं पैसा नाहीं. घनश्यामदास बिर्ला यांनीं १०० रुपये दिले, त्यांतून कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनीं परवानगी देतांना तीन अटी घातल्या: लखलखाटाचा दिवा वापरावयाचा नाहीं, आपण चित्रासाठीं म्हणून बसणार वा उभे राहणार नाहीं, आणि या छंदाचा खर्च आश्रमाच्या पैशांतून व्हावयाचा नाहीं. १९३८ पासून गांधीजींच्या अखेरपर्यंत कनु गांधींनीं या अटी पाळून चित्रें घेतलीं. म्हणूनच त्यांत सूत काढणारा, पत्र लिहिणारा, वजनकाट्यावर उभा राहिलेला, रोग्याच्या उशाशीं बसलेला माणूस दिसतो. चित्रासाठीं सजून बसलेला माणूस दिसत नाहीं.

या तीन अटींचा वाचकांनीं शांतपणें विचार करावा. वरवर पाहतां तो एका व्रतस्थ पुरुषाचा काटेकोरपणा वाटतो. वस्तुतः अनुबोधपटाचें सारें शास्त्र त्यांत आलें आहे. दिवा वापरावयाचा नाहीं, म्हणजे जें दिसतें त्यावर आपला उजेड पाडावयाचा नाहीं. बैठक घ्यावयाची नाहीं, म्हणजे चित्रासाठीं घटना घडवावयाची नाहीं. आणि ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्याकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, म्हणजे साक्षीदारानें पक्षकाराच्या पंक्तीस जेवावयाचें नाहीं. मोठमोठ्या कलाशाळांतून याहून अधिक काय शिकवीत असतील, न कळे.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यास शिक्षण-परिषद भरली आणि नयी तालीमची योजना देशापुढें आली. त्याच महिन्याच्या २ तारखेस, गांधीजयंतीच्या दिवशीं, न्यूयॉर्कहून डब्लिनकडे जाणाऱ्या जहाजावर एका तामीळ तरुणाच्या मनांत असा विचार आला कीं, या पुरुषाचें चरित्र प्रत्यक्ष चित्रांतून उभें करावें. या तरुणाचें नांव ए. के. चेट्टियार. जन्म १९११ सालचा, तामीळ मुलुखांतील कोट्टैयूर गांवचा, वय पंचविशीचें, छायाचित्रणाचें शिक्षण तोकियो व न्यूयॉर्क येथें झालेलें, मूळचा पिंड पत्रकाराचा आणि प्रवासवर्णनकाराचा. सरकारी खात्याचा किंवा बड्या स्टुडिओचा आधार मागें नसतां त्यांनीं हें काम अंगावर घेतलें.

चेट्टियार यांनीं गांधीजींना कॅमेऱ्यापुढें बसवून चरित्र काढण्याचा सोपा मार्ग धरला नाहीं. तो मार्ग, कनु गांधींच्या अटी पाहतां, बंदच होता. त्यांनीं असें ताडलें कीं, गेल्या ३० वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांतील सुमारें १०० छायाचित्रकारांनीं गांधीजींचीं चालतीं चित्रें कधीं ना कधीं घेतलेलीं आहेत. कोणी बातमीसाठीं, कोणी हौसेनें. तीं सर्व कोठें ना कोठें डब्यांत पडून असलीं पाहिजेत. तीं धुंडाळून काढलीं, तारीखवार लावलीं, कीं चरित्र आपोआप उभें राहील. या शोधासाठीं त्यांनीं चार खंडांत मिळून सुमारें १ लक्ष मैल प्रवास केला आणि ५०,००० फूट चित्रफीत जमविली. तेवढी सलग दाखवावयाची म्हटली तर नऊ तास पुरणार नाहींत. त्यांतून निवडून १२,००० फुटांचा, म्हणजे सुमारें सवादोन तासांचा चित्रपट त्यांनीं सिद्ध केला. तामीळ निवेदनासह तो २३ ऑगस्ट १९४० रोजीं मद्रासेंत प्रदर्शित झाला, आणि पुढें तेलुगूंतही आला.

तो काळ ध्यानांत घेतला पाहिजे. महायुद्ध सुरू होऊन वर्ष होत आलें होतें. सरकारनें युद्धप्रचारासाठीं चित्रपटांचें निराळें मंडळ त्याच वर्षीं स्थापिलें होतें. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोनच महिन्यांच्या आंत, १७ ऑक्टोबर १९४० रोजीं, पवनारास विनोबांनीं पहिले सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केलें. अशा वेळीं गांधीजींचें चरित्र चित्रगृहांत लावणें ही नुसती कलेची गोष्ट नव्हती. सरकारी प्रचारपटाशेजारीं हा एकट्या माणसाचा चित्रपट ठेवून पाहिला म्हणजे ‘स्वतंत्र’ या शब्दास किती वजन आहे तें कळतें.

चेट्टियार यांच्या पद्धतीस आमच्या इतिहासांत एक समर्पक उपमा आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरचीं दप्तरें सोडवून, ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ १८९८ पासून छापावयास आरंभ केला आणि त्यांचे २२ खंड प्रसिद्ध झाले. आधीं साधनें, मग इतिहास, हा त्यांचा बाणा. चेट्टियार यांनीं हाच बाणा चित्रफितीस लावला. परंतु कागद आणि चित्रफीत यांत एक मोठा भेद आहे. राजवाड्यांच्या पत्रावर तिथि असते, मायना असतो, शिक्का असतो. पत्र खोटें असेल तर तें पकडण्यास खुणा असतात. चित्रफितीच्या तुकड्यावर यांतलें कांहींच नसतें. तो कोणीं, केव्हां, कोठें घेतला हें डब्यावर लिहिलेलें असलें तर असलें. कात्री लावून तो दुसऱ्या तुकड्यास जोडला कीं तेंही गेलें. राजवाडे पत्र छापून खालीं टीप देत. पडद्यावर टीप देण्याची रीत अद्याप पडलेली नाहीं. ती पडावी असें आम्हांस वाटतें. एका कोपऱ्यांत साल, स्थळ आणि घेणाराचें नांव एवढें आलें तरी प्रेक्षक साक्षीदाराची साक्ष तोलूं लागेल.

दुसरा भेद गतीचा. मूकपटाच्या काळांत कॅमेरा पुष्कळदां हातानें फिरवीत आणि सेकंदास सुमारें १६ चित्रें घेत. बोलपट आल्यावर ही संख्या २४ ठरली. जुनी फीत नव्या यंत्रांतून तशीच सोडली तर सर्व हालचाली दीडपट वेगानें होतात. दांडीयात्रेचीं दृश्यें पाहतांना, गांधीजी काठी टेकीत जवळजवळ धांवतच आहेत, असें ज्यांना वाटलें असेल त्यांनीं हें कारण जाणून घ्यावें. त्यांची चाल मूळचीच झपाट्याची होती हें खरें. परंतु पडद्यावरची घाई ही यंत्राची आहे, माणसाची नव्हे. एका संथ, निश्चयी यात्रेस हास्यास्पद लगबगीचें रूप येतें आणि पिढ्यान्‌पिढ्या तेंच डोळ्यांत राहतें. तीच गोष्ट ध्वनीची. बोलपटापूर्वींचीं सर्व दृश्यें मुकीं आहेत. त्यांवर मागाहून जयघोष, वाद्यें वा निवेदन चढविलें कीं प्रेक्षकास तें त्या क्षणाचेंच वाटतें. निवेदन असावें, गाणेंही असावें. पण तें मागाहूनचें आहे हें लपवूं नये. फ्रँकफुर्टच्या घरास लावलेला न्याय येथेंही लागू पडतो.

आतां या चित्रपटाच्या पुढील इतिहासाकडे पाहूं, कारण खरी शिकवण त्यांत आहे. स्वातंत्र्याच्या वेळीं, १९४७ सालीं, चेट्टियार यांनीं त्याची हिंदी आवृत्ति दाखविली. १९५३ सालीं अमेरिकेंत इंग्रजी आवृत्ति निघाली. पुढें मूळ चित्रपट दिसेनासा झाला. ज्या माणसानें इतरांचे विसरलेले डबे शोधीत पृथ्वी पालथी घातली, त्याचेच डबे हरवले. चेट्टियार १९८३ सालीं वारले. मूळ चित्रपट बहुधा कायमचा गेला अशी समजूत झालेली असतांना, तामीळ इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपति यांच्या शोधानें संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीची प्रत अमेरिकेंतील एका विद्यापीठांत सांपडली. मद्रासेंत जो चित्रपट लोकांनीं १९४० सालीं पाहिला, त्याची छाया तेवढी आज आपल्या वांट्यास आली आहे.

हा दैवाचा एकटाच खेळ असता तर आम्हीं तो एवढ्या विस्तारानें सांगितला नसता. परंतु आपल्या चित्रपटांच्या इतिहासांत हा नियमच होऊन बसला आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं १८९९ सालीं मुंबईंत कुस्तीचें आणि १९०१ सालीं रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें चित्रण केलें. अनुबोधपटाचा हा आपल्याकडील आरंभ एका मराठी माणसाच्या हातून झाला, पण तीं दृश्यें आज पाहावयास मिळत नाहींत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चे कांहीं भागच उरले आहेत. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट तर समूळ नाहींसा झाला. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर यांच्यासारख्या झपाटलेल्या माणसानें खेडोपाडींचे डबे गोळा करून पुष्कळ वांचविलें. परंतु ८ जानेवारी २००३ रोजीं त्याच पुण्यांत, ‘प्रभात’च्या जुन्या आवारांत लागलेल्या आगीनें नायट्रेटच्या असंख्य जुन्या फिती भस्मसात् केल्या. या फितीचा गुणधर्मच असा कीं ती पेटली म्हणजे पाण्यानें विझत नाहीं; आणि नुसती ठेवली तरी हळूहळू कुजून तिची पूड होते.

उलट बाजूचीही उदाहरणें आहेत, आणि तीं धीर देणारीं आहेत. दीनानाथ गोपाळ तेंडुलकर यांनीं १९५१ ते १९५४ या काळांत ‘महात्मा’ हें आठ खंडांचें चरित्र सिद्ध केलें; त्यासाठीं चित्रें जमविणारे विठ्ठलभाई झवेरी यांनीं पुढें स्वतः चित्रफिती गोळा करून १९६८ सालीं पांच तासांहून अधिक लांबीचा गांधीचरित्राचा अनुबोधपट पुरा केला. त्यास गांधी स्मारक निधीचें व सरकारी फिल्म्स डिव्हिजनचें साहाय्य होतें, म्हणून तो जपला गेला. तेव्हां आश्रय हा सर्वस्वीं वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. निर्मितीस मोकळीक हवी, पण जतनास आश्रय हवा. ही दोन्ही एकाच ठिकाणीं क्वचित् मिळतात, हें दुःख आहे. हेर्मान कालेनबाख या जर्मन ज्यू वास्तुशास्त्रज्ञानें दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींना १९१० सालीं टॉल्स्टॉय फार्मसाठीं आपली जमीन दिली, आणि १९३७ व १९३९ सालीं तो हिंदुस्थानांत येऊन त्यांस भेटून गेला. त्याच्यापाशीं असलेलीं पत्रें व छायाचित्रें त्याच्या नातलगांनीं जपलीं, म्हणून १९४५ सालीं तो वारल्यानंतरही तीं टिकलीं आणि २०१२ सालीं भारत सरकारास तीं विकत घेतां आलीं. एका घरानें कपाट नीट ठेवलें म्हणून एका राष्ट्राच्या इतिहासाचें एक दालन वांचलें.

सेवाग्रामची बापूकुटी या सर्व विवेचनास एक वेगळें उत्तर देते. मूळ ही कुटी मीराबेन यांची. भिंतीवर मातीनें उठविलेलीं ताडाचीं झाडें व ओंकार त्यांच्याच हातचे. पुढें गांधीजी तेथें राहूं लागले, आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजीं सेवाग्राम सोडून गेले ते परत आले नाहींत. माती, बांबू आणि कवेलू यांची ही कुटी दगडी स्मारकासारखी स्वतःच्या बळावर टिकणारी नव्हे. वर्धेकडचा पाऊस आणि वैशाखाचें ऊन ज्यास ठाऊक आहे त्यास हें सांगणें नको. ती टिकते ती सारवणानें, डागडुजीनें, कवेलू बदलल्यानें. फ्रँकफुर्टचें घर एकदां पडलें आणि एकदां उभें राहिलें. कुटी दर वर्षीं थोडी जाते आणि दर वर्षीं थोडी नवी होते. तींतली कोणती माती मूळची, हें सांगतां येणार नाहीं. परंतु सांभाळणाराचा हात कधीं तुटला नाहीं, हीच तिची अस्सलता. आमच्या मतें चित्रफितीचेंही असेंच आहे. मूळ फीत अमर नाहीं. तिची प्रत काढावी लागते, त्या प्रतीची पुन्हा प्रत काढावी लागते, आणि प्रत्येक वेळीं हें कशावरून काढलें त्याची नोंद ठेवावी लागते. जतन हें एकदां करून मोकळें होण्याचें काम नव्हे; तें सारवणासारखें नित्याचें काम आहे.

यांत आपलें काय, असें वाचक विचारील. अनुबोधपट काढणारे थोडे, पाहणारे पुष्कळ. आणि पाहणारा सावध झाला कीं काढणारासही सावध व्हावें लागतें. तेव्हां कोणाही थोर पुरुषाचा, कवीचा वा संताचा चित्रपट पाहून घरीं परततांना तीन प्रश्न आपसांत विचारण्याची संवय लावून घ्यावी. हें दृश्य केव्हांचें व कोणीं घेतलें? यांत मागाहून काय घातलें? आणि जें दाखविलें नाहीं तें कोणाच्या सोयीसाठीं गाळलें? उत्तरें नेहमीं मिळतील असें नाहीं. पण हे प्रश्न मुलांच्या कानावर पडले तरी पुष्कळ झालें. दुसरी गोष्ट याहून सोपी. पुष्कळ जुन्या घरांतून आजोबांच्या काळचीं छायाचित्रें, एखादी हौसेनें घेतलेली छोटी चित्रफीत, एखाद्या सभेचें वा दिंडीचें दृश्य पडून आहे. त्यामागें तारीख, गांव आणि माणसांचीं नांवें, जोंवर तीं सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर, शाईनें लिहून ठेवावीं. चेट्टियार ज्यांच्या दारोदार हिंडले ते शंभर जण कोणी इतिहासकार नव्हते. त्यांनीं डबा टाकून दिला नाहीं, एवढेंच त्यांचें कर्तृत्व. आणि तेवढ्यावर एक चरित्र उभें राहिलें.